उपाशी पेशी प्रथिननिर्मिती कशी आवरते, हे ब्लॉटवर कसं पाहायचं

पेशींचं अन्न काढून घेतलं की प्रथिननिर्मिती मंदावते, हे पुस्तकात एका ओळीत असतं. एक पेप्टाइड बंध जोडायला उच्च ऊर्जेचे चार फॉस्फेट बंध खर्ची पडतात, त्यामुळे उपासमारीत पेशी आधी याच खात्याला कात्री लावते. हेच प्लेटमध्ये दाखवायला गेलं की मात्र निम्मे ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) काहीच सांगत नाहीत. दोष अँटिबॉडीला दिला जातो. बहुतेक वेळा घोळ त्याच्या फार आधी, मीडियाच्या (पेशी वाढवायच्या पोषक द्रावणाच्या) बाटलीत आणि पेशी धुण्यात झालेला असतो. म्हणून इथे बाटलीवर जास्त आणि ब्लॉटवर कमी लिहिलं आहे.

उदाहरण घेऊ एचईके-२९३टी या मानवी पेशी आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल यांचं. या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) संग्रहातून मागवता येतात, झपाट्याने वाढतात. आर्जिनिन घेण्याचं कारण असं, की ते काढलं की दोन्ही ब्रेक लागतात.

कोणते दोन ब्रेक

पहिला जीसीएन२. आर्जिनिन संपलं की त्याचे टी-आरएनए (अमिनो आम्लं रायबोसोमकडे नेणारे रेणू) रिकामे फिरू लागतात. जीसीएन२ हे कायनेज (फॉस्फेट लावणारं विकर) त्या रिकाम्या टी-आरएनएमुळे जागं होतं आणि ईआयएफ२ च्या अल्फा उपघटकावर सेरीन-५१ या जागी फॉस्फेट लावतं. ईआयएफ२ चं रोजचं काम म्हणजे पहिला मेथिओनिनवाला टी-आरएनए रायबोसोमपर्यंत पोचवणं. प्रत्येक फेरीनंतर त्याच्यावरचा जीडीपी काढून नवा जीटीपी बसवावा लागतो, आणि ते ईआयएफ२बी करतो. फॉस्फेट लागलेला ईआयएफ२ या ईआयएफ२बीलाच धरून बसतो. पेशीत ईआयएफ२बी मुळातच ईआयएफ२ पेक्षा कमी असतो, त्यामुळे थोड्याशा ईआयएफ२ ला फॉस्फेट लागला तरी सगळा कारखाना तुंबतो. ब्लॉटवर फॉस्फो-पट्टी दुपटीनेच वाढलेली दिसली तर ‘एवढंच?’ म्हणून नाक मुरडू नये, ते याचसाठी.

दुसरा एमटॉर्क१, पेशीची वाढ चालू-बंद करणारा प्रथिनसंच. हा लायसोसोमच्या पृष्ठभागावर बसून काम करतो. आर्जिनिनची खबर त्याला कॅस्टर१ या प्रथिनाकडून मिळते आणि ल्युसिनची सेस्ट्रिन२ कडून. आर्जिनिन नसलं की कॅस्टर१ जाऊन एमटॉर्क१ चालू ठेवणाऱ्या गेटर२ ला अडवतो आणि एमटॉर्क१ बंद पडतो. मग एस६-कायनेजवरचा थ्रिओनिन-३८९ चा फॉस्फेट जातो. ४ई-बीपी१ वरचेही फॉस्फेट निघतात, आणि मोकळा झालेला ४ई-बीपी१ एमआरएनएच्या टोपीला धरणाऱ्या ईआयएफ४ई ला पकडून ठेवतो. सगळ्यात जास्त मार बसतो रायबोसोमच्या प्रथिनांच्या एमआरएनएंना. म्हणजे पेशी नुसतं उत्पादन थांबवत नाही, नवी यंत्रं बसवणंही थांबवते.

दोन्ही ब्रेकची घड्याळं वेगळी आहेत. एमटॉर्क१ तासाभरात बंद पडतो आणि अन्न परत दिलं की दहा-वीस मिनिटांत उठतो. जीसीएन२ कडून पुढे येणारं एटीएफ४ हे प्रथिन साठायला काही तास लागतात. एकाच वेळेचा नमुना घेतला की या दोहोंपैकी एक हातून निसटतो.

बाटली

‘उपासमारीचा मीडिया’ म्हणून सरसकट ईबीएसएस हे क्षार आणि ग्लुकोजचं द्रावण वापरतात. ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग मोडून खाणं) दाखवायची तर तो ठीक आहे. इथे मात्र त्यात एकाच वेळी सगळी अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि सीरम निघून जातं. शिवाय ग्लुकोज डीएमईएम या नेहमीच्या मीडियातल्या लिटरला ४.५ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर येतं. परिणाम जोरदार दिसतो, पण तो कशाचा हे सांगता येत नाही.

त्याऐवजी सायलॅक डीएमईएम घ्यावा. प्रोटिओमिक्सवाल्यांसाठीच्या (पेशीतली सगळी प्रथिनं मोजणाऱ्यांसाठीच्या) या मीडियात लायसिन आणि आर्जिनिन नसतं. शेजारच्या प्रयोगशाळेत बहुधा अर्धी बाटली पडलेलीही असते. काहींत ल्युसिन किंवा ग्लुटामिनही नसतं, तेव्हा लेबल वाचूनच पुढे जावं. ग्लुटामिनशिवायची बाटली पूर्ण समजून वापरली की ‘आर्जिनिनचा’ म्हणून ग्लुटामिनचा परिणाम छापला जातो.

शंभरपट तीव्रतेचे दोन साठे करायचे:

लायसिन हायड्रोक्लोराइड ७३० मिग्रॅ, पाण्यात ५० मिलिपर्यंत.
आर्जिनिन हायड्रोक्लोराइड ४२० मिग्रॅ, पाण्यात ५० मिलिपर्यंत.

दोन्ही ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून १ मिलिच्या नळ्यांत, उणे २० ला. शंभरपट पातळ झाल्यावर यातून नेहमीच्या डीएमईएमइतकंच, म्हणजे लिटरला १४६ मिग्रॅ लायसिन आणि ८४ मिग्रॅ आर्जिनिन मिळतं (दोन्ही हायड्रोक्लोराइडच्या रूपात).

१०० मिलि मीडियासाठी सायलॅक डीएमईएम ८८ मिलि, डायलाइज केलेलं (लहान रेणू काढून टाकलेलं) सीरम १० मिलि, लायसिन साठा १ मिलि. ‘पूर्ण’ बाटलीत आर्जिनिन साठा १ मिलि, ‘वजा’ बाटलीत तेवढंच निर्जंतुक पाणी. दोन्ही बाटल्या एकाच दिवशी, त्याच सीरमच्या नळीतून बनवायच्या. ‘पूर्ण’ म्हणून फ्रिजमधला नेहमीचा डीएमईएम वापरला तर तुलना दोन वेगवेगळ्या मीडियांची होते, आर्जिनिनची नाही.

सीरम डायलाइज केलेलंच हवं. साध्या सीरममध्ये मोकळी अमिनो आम्लं भरपूर असतात, आणि १० टक्के साधं सीरम घातलेला ‘आर्जिनिनमुक्त’ मीडिया म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास. विकतचं महाग पडतं, पण घरचं करता येतं. ५० मिलि सीरम १०,००० डाल्टनपेक्षा लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या डायलिसिसच्या नळीत भरून ०.१५ मोलर मिठाच्या ५ लिटर पाण्यात ४ अंशांवर ठेवायचं, मंद ढवळत, २४ तासांत तीनदा पाणी बदलत. मग ०.२२ मधून गाळायचं. नळी अर्धवटच भरावी. पाणी आत शिरून ती फुगते, आणि काठोकाठ भरलेली नळी रात्रीतून फाटली की सकाळी ५ लिटर सीरमचं पाणी उरतं.

मीडिया वापरण्याआधी सैल झाकणाने तासभर इनक्युबेटरमध्ये ठेवावा. बायकार्बोनेटचा मीडिया बाहेर राहिला की जांभळट होतो, म्हणजे अल्कधर्मी होतो. पेशींना त्याचाही धक्का बसतो, आणि गार मीडियाने तर प्रथिननिर्मिती आपोआपच मंदावते. हे दोन्ही धक्के ‘उपासमारी’च्या खात्यावर जमा होतात.

प्लेट आणि घड्याळ

एचईके-२९३टी पेशी तळाला जेमतेम चिकटतात. दोनदा धुतलं की चादर निघावी तशा निघून येतात आणि उपाशी खोबणीत प्रथिनच कमी भरतं. सहा खोबण्यांच्या प्लेटला आधी पॉली-डी-लायसिन (मिलिला ५० मायक्रोग्रॅम, खोबणीला १ मिलि) लावून तासभर ३७ अंशांवर ठेवावं. मग निर्जंतुक पाण्याने दोनदा धुऊन खोबणीला सहा लाख पेशी, २ मिलि मीडियात. दुसऱ्या दिवशी तळ साधारण दोन तृतीयांश झाकलेला हवा. गच्च भरलेल्या प्लेटने रात्रभरात मीडिया अर्धा संपवलेला असतो. मग ‘भरल्या पोटाचं’ कंट्रोलच अर्धपोटी निघतं आणि दोन पट्ट्यांत फरक उरत नाही.

धुण्याचं गणित एकदा करून पाहावं. पिपेटने कितीही ओढलं तरी खोबणीत सुमारे १०० मायक्रोलिटर राहतं. डीएमईएममध्ये आर्जिनिन ०.४ मिलिमोलर, म्हणजे ४०० मायक्रोमोलर. न धुता २ मिलि ‘वजा’ मीडिया घातला तर उरतं १९ मायक्रोमोलर. एकदा २ मिलिने धुतलं तर १ च्या खाली, दोनदा धुतलं तर ०.०४. म्हणून दोनदा, आणि तेही कोमट ‘वजा’ मीडियानेच. पीबीएसने (नुसत्या खारट बफरने) धुतलं तर तेवढा वेळ पेशींचं सगळंच अन्न जातं. मीडिया खोबणीच्या भिंतीवरून सोडावा, पेशींवर नाही.

सगळ्या खोबण्यांचा शेवट एकाच वेळी व्हायला हवा, सुरुवात नाही. दुपारी २ ला गोळा करायचं ठरलं तर:

१ ली खोबण: सकाळी १० ला दोनदा धुऊन ‘पूर्ण’ मीडिया.
२ री: सकाळी १० ला ‘वजा’. चार तासांचा उपास.
३ री: १२.४० ला ‘वजा’, १.४० ला आर्जिनिन साठा २० मायक्रोलिटर. तासाचा उपास आणि मग पारणं.
४ थी: १ ला ‘वजा’. एक तास.
५ वी: १.४५ ला ‘वजा’. पंधरा मिनिटं.
६ वी: पहिलीसारखीच, पण १.४० ला सायक्लोहेक्झिमाइड (रायबोसोम थांबवणारं औषध) मिलिला १०० मायक्रोग्रॅम.

१.५० ला सगळ्यांत प्युरोमायसिन, मिलिला १० मायक्रोग्रॅम. मिलिला १० मिग्रॅच्या साठ्यातून थेट २ मायक्रोलिटर घालण्यापेक्षा तो आधी दहापट पातळ करून २० मायक्रोलिटर घालावं, प्रमाण सारखं पडतं. प्लेट हलकेच चारी बाजूंना हलवायची, गोल फिरवायची नाही, नाहीतर सगळं कडेला जातं. दहा मिनिटं म्हणजे दहाच. प्युरोमायसिन वाढत्या साखळीच्या टोकाला चिकटून ती अर्ध्यावर सोडवतो. जितक्या साखळ्या चालू, तितक्या खुणा पडतात. जास्त वेळ ठेवला तर तो स्वतःच प्रथिननिर्मिती मारतो.

इथली सगळ्यात हसवणारी चूक अशी: पेशींत शॉर्ट हेअरपिन (एखादं जनुक गप्प करणारा आरएनए) घालताना निवड प्युरोमायसिनवर केलेली असते. त्या पेशींकडे प्युरोमायसिन निकामी करणारं जनुक असतं, आणि मग ‘जीन काढल्यावर प्रथिननिर्मिती शून्य’ असा मोठा शोध लागतो. अशा पेशींत निवडीचं जनुक बदलावं किंवा मोजायची पद्धत.

दुसऱ्या प्लेटवर पूर्ण मीडियातले तीन कंट्रोल असावेत: टोरिन-१, २५० नॅनोमोलर, एक तास, एमटॉर्क१ पूर्ण बंद कसा दिसतो ते कळायला. थॅप्सिगार्जिन १ मायक्रोमोलर, एक तास, पर्क या दुसऱ्याच कायनेजकडून ईआयएफ२ वर फॉस्फेट लावून घ्यायला. आणि प्युरोमायसिन न घातलेली एक खोबण, अँटिबॉडीचा फुकटचा गोंधळ किती ते पाहायला.

गोळा करणं

प्लेट बर्फावर, गार पीबीएसने एकदाच धुवायचं, खोबणीला १५० मायक्रोलिटर बफर. बफरमध्ये हेपीस ५० मिलिमोलर (पीएच ७.४), मीठ १५० मिलिमोलर, ट्रायटन १ टक्का, ईडीटीए १, सोडियम फ्लोराइड ५०, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर आणि प्रोटिएज रोखणारी गोळी. बऱ्याच ठिकाणी सोडियम व्हॅनाडेट घातलं की फॉस्फेट वाचले असं धरून चालतात. व्हॅनाडेट टायरोसिनवरचे फॉस्फेट सांभाळतं. आपले सगळे सेरीन आणि थ्रिओनिनवर आहेत, त्यांना फ्लोराइड आणि ग्लिसरोफॉस्फेटच वाचवतात. दहा मिनिटं बर्फावर, १३,००० जी ला दहा मिनिटं ४ अंशांवर, वरचं पाणी घ्यायचं. प्रथिन मोजून प्रत्येक लेनला २० मायक्रोग्रॅम.

ब्लॉट तीन करावेत. १० टक्क्यांच्या जेलवर फॉस्फो-एस६-कायनेज (७० किलोडाल्टन), फॉस्फो-ईआयएफ२-अल्फा (३६ ते ३८) आणि एटीएफ४ (५० च्या आसपास). १५ टक्क्यांवर ४ई-बीपी१, जो १५ ते २० च्या दरम्यान दोन-तीन पट्ट्यांत दिसतो. याला ०.२ मायक्रॉनचाच पीव्हीडीएफ पडदा लागतो, ०.४५ मधून एवढं लहान प्रथिन आरपार जातं. तिसरा प्युरोमायसिनचा, तिथे पट्टी नाही तर वरपासून खालपर्यंत धुरळा दिसतो. पूर्ण लेनची घनता मोजायची आणि तिला पॉन्सोने रंगवलेल्या एकूण प्रथिनाने भागायचं. फॉस्फो-अँटिबॉडीसाठी दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) वापरावं, दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं असतं. फॉस्फो-पट्टीला भागायचं ते त्याच प्रथिनाच्या एकूण पट्टीने, ॲक्टिनने नाही.

वाचताना

सगळं नीट झालं असेल तर तासाभराच्या खोबणीत एस६-कायनेजची पट्टी जवळजवळ गेलेली, पारण्याच्या खोबणीत ती परत आलेली, ४ई-बीपी१ च्या पट्ट्या खाली सरकलेल्या, ईआयएफ२-अल्फाचा फॉस्फेट वाढलेला आणि धुरळा विरळ झालेला दिसतो. चार तासांच्या खोबणीत एटीएफ४ उठून दिसतं.

पारण्याची खोबण वगळू नये. पट्टी गेली याचं कारण पेशी मेल्या हेही असू शकतं. वीस मिनिटांत ती परत आली तर पेशी जिवंत होत्या आणि ब्रेक खरा होता.

सायक्लोहेक्झिमाइडची खोबण फक्त प्युरोमायसिनच्या ब्लॉटसाठी आहे. तिथे एस६-कायनेजची पट्टी कंट्रोलपेक्षाही ठळक दिसते आणि विद्यार्थी गोंधळतात. रायबोसोम थांबले की अमिनो आम्लं वापरणारं कुणी उरत नाही. पेशीत ती साठतात आणि एमटॉर्क१ ला वाटतं सुगी आली. याच कारणाने उपाशी पेशींत सायक्लोहेक्झिमाइड घालून एमटॉर्क१ मोजणं फसवं आहे.

चार तासांनी एस६-कायनेजची पट्टी थोडी परतलेली दिसली तर लगेच मीडियावर संशय घेऊ नये. लांबलेल्या उपासात ऑटोफॅजी पेशीतलीच जुनी प्रथिनं मोडून अमिनो आम्लं पुरवते, आणि एमटॉर्क१ अंशतः उठतो. पंधरा मिनिटं आणि एक तास घेतलेले असतात, ते अशा वेळी उपयोगी पडतात.

एटीएफ४ वाढतं कसं, हा प्रश्न हमखास येतो, कारण सगळी प्रथिननिर्मिती तर घटलेली असते. उत्तर त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीला आहे. तिथे दोन छोट्या वाचनचौकटी (रायबोसोम वाचतो असे तुकडे) आहेत. पहिली फक्त तीन अमिनो आम्लांची. दुसरी ५९ ची, आणि ती एटीएफ४ च्या खऱ्या सुरुवातीवरून पुढे जाते. रायबोसोमचा लहान भाग पहिली वाचून पुढे सरकत राहतो, पण पुन्हा सुरुवात करायला त्याला नवा ईआयएफ२ आणि मेथिओनिनचा टी-आरएनए लागतो. पोट भरलेलं असताना तो लगेच मिळतो आणि रायबोसोम दुसऱ्या चौकटीवर उतरतो, एटीएफ४ चुकतं. उपाशी असताना ईआयएफ२ उशिरा येतो. तोवर दुसरी चौकट मागे पडलेली असते, आणि रायबोसोम थेट एटीएफ४ वर उतरतो. स्लो लोकलमध्ये डुलकी लागून दादर चुकावं आणि परळला उतरावं, तसं. यीस्टमध्ये हेच काम जीसीएन४ च्या चार चौकटी करतात, आणि हे सगळं आधी तिथेच उलगडलं.

पॉलिसोम कधी करावेत

प्युरोमायसिन घटलं एवढ्यावर ‘सुरुवात अडली’ असं लिहिता येत नाही. सुरुवात अडली की मोकळे ८०एस (एकेकटे रायबोसोम) वाढतात आणि पॉलिसोम (एकाच एमआरएनएवर ओळीने बसलेले अनेक रायबोसोम) कोसळतात. पुढची वाटचाल अडली, म्हणजे रायबोसोमला पुढे सरकवणाऱ्या ईईएफ२ वर थ्रिओनिन-५६ ला फॉस्फेट लागला किंवा आर्जिनिनच्या कोडॉनवर रायबोसोम अडकले, तर उत्पादन घटूनही पॉलिसोम तसेच राहतात. एचईके-२९३टी मध्ये आर्जिनिनच्या टंचाईत असं अडकणं दिसतं, ल्युसिनच्या टंचाईत फारसं दिसत नाही. म्हणून इथे दोन्ही पद्धती हव्यात.

एका अवस्थेला १५ सेंटिमीटरच्या दोन प्लेट. शेवटची पाच मिनिटं सायक्लोहेक्झिमाइड मिलिला १०० मायक्रोग्रॅम, आणि गार पीबीएसमध्येही तेवढंच, नाहीतर धुता धुताच रायबोसोम उतरून जातात. बफरमध्ये मॅग्नेशियम ५ मिलिमोलर हवंच आणि ईडीटीए मुळीच नको. ब्लॉटचा बफर चुकून इथे वापरला की दोन्ही उपघटक सुटे होतात आणि सुंदर, पण निरर्थक आलेख मिळतो. उलट, मुद्दाम ३० मिलिमोलर ईडीटीए घातलेला एक नमुना घ्यावाच. त्यात जड शिखरं नाहीशी झाली तरच ती पॉलिसोम होती. १० ते ५० टक्के साखरेचा उतार, एसडब्ल्यू-४१ रोटर, ३९,००० फेरे, अडीच तास, ४ अंश, ब्रेक बंद. नळ्यांवर सारखीच ए-२६० युनिटं (आरएनएचं माप) चढवायची आणि २५४ नॅनोमीटरवर वाचायचं.

ग्लुकोज आणि यीस्ट: दोन वेगळ्या वाटा

हाच आराखडा ग्लुकोजच्या उपासमारीला जसाच्या तसा लावू नये. ऊर्जा संपलेल्या पेशींत प्युरोमायसिनची खूण प्रथिननिर्मितीशी प्रामाणिक राहत नाही. तिथे पॉलिसोम किंवा सल्फर-३५ मेथिओनिन. किरणोत्सारी पदार्थाला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. शिवाय खूण लावायला मेथिओनिनमुक्त मीडिया वापरावा लागतो, म्हणजे कंट्रोललाही थोडा उपास घडतोच. तो वेळ दहा-पंधरा मिनिटांच्या आत ठेवावा.

यीस्टमध्ये ग्लुकोज काढल्यावर एक-दोन मिनिटांत पॉलिसोम कोसळतात. पेशी पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवल्या तर कंट्रोलही तळाशी उपाशीच राहतं. सायक्लोहेक्झिमाइड आधी घालावं, किंवा पेशी फिल्टरवर ओढून सरळ द्रव नायट्रोजनमध्ये टाकाव्यात. हिस्टिडिनच्या टंचाईसाठी थ्री-एटी वापरतात. ते हिस्टिडिन बनवणाऱ्या एचआयएस३ या विकराला अडवतं, त्यामुळे ज्या वाणात एचआयएस३ आहे तिथेच, आणि हिस्टिडिन नसलेल्या मीडियातच त्याला अर्थ. सगळीकडे फ्रीजरमध्ये असणारा बीवाय-४७४१ हा वाण एचआयएस३ गमावलेला आहे. त्यात थ्री-एटी घालून काहीच घडत नाही म्हणून डोकं फोडण्यात अर्थ नाही. सोबत जीसीएन२ काढलेला वाण ठेवावा. यीस्टमध्ये सेरीन-५१ वर फॉस्फेट लावणारं तेवढं एकच कायनेज आहे. मानवी पेशींत अशी चार आहेत, म्हणून तिथे जीसीएन२ काढलेल्या पेशी नसतील तर निदान आयएसआरआयबी (फॉस्फेट लागला तरी ईआयएफ२बी चालू ठेवणारं औषध) २०० नॅनोमोलर घालून एक खोबण चालवावी. ईआयएफ२ वर फॉस्फेट तसाच राहून एटीएफ४ खाली आलं, तर ते ईआयएफ२बी च्या वाटेनेच आलं होतं. एस६-कायनेजची पट्टी त्या खोबणीत परत येता कामा नये. आली, तर धुणं पुन्हा तपासावं.